पेटी तयार आहे का?

धान्याचे डबे भरलेले असतात, औषधांची पिशवी असते, अडीअडचणीला चार पैसेही बाजूला असतात. पण पूर, भूकंप किंवा लांबलेली टंचाई आली तर अंगावर काय घालणार आणि पायात काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या घरांत तयार असते.

रात्रीचे अडीच वाजलेले. दाराची कडी वाजते. बाहेर कॉल बॉय उभा, हातात वही. झोपेतून उठलेला ड्रायव्हर वहीत सही करतो आणि साधारण दोन तासांत त्याला गाडीवर हजर व्हायचे असते. भिलाईजवळच्या चरोद्यात रेल्वे वसाहतीतल्या कितीतरी पिढ्यांनी हे दृश्य पाहिले आहे. येथील मार्शलिंग यार्डात रात्र आणि दिवस असा भेद नाही. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, भिलाईचे पोलाद, कोळसा यांच्या मालगाड्या अखंड येत-जात असतात. आता वहीची जागा मोबाइलने घेतली आणि जड लोखंडी लाइन बॉक्सची जागा ट्रॉली बॅग घेऊ लागली. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. रनिंग स्टाफच्या घरात कपड्यांची बॅग कायम भरलेली असते. दोन दिवसांचे कपडे, गमछा, थंडीत स्वेटर, पावसाळ्यात रेनकोट आणि दाराजवळ मजबूत बूट. परत आल्यावर गृहिणी मळके कपडे काढते आणि धुतलेले लगेच बॅगेत भरते. ‘मग बघू’ हा शब्द त्या बॅगेच्या बाबतीत चालत नाही.

ही शिस्त घरातल्या एकाच माणसापुरती का असावी? नोकरीचा ‘कॉल’ निदान दोन तास आधी येतो. संकटाचा कॉल तेवढाही वेळ देत नाही.

अंगावरच्या वस्त्रानिशी

महाराष्ट्राच्या आठवणीत अशा काही तारखा कोरल्या गेल्या आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. हजारो कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले ते पहाटे चारच्या सुमारास, ऐन थंडीत. ज्यांचे प्राण वाचले त्यांना पहाट उघड्यावर काढावी लागली.

३० सप्टेंबर १९९३ तर कोण विसरेल? अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबाद भागातली गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि परिसरातील दगड-मातीची घरे कोसळली. हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांची कपड्यांची ट्रंक, अंथरूण-पांघरूण आणि उंबऱ्याजवळच्या चपला सारे ढिगाऱ्याखाली होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला कृष्णा-पंचगंगेच्या पुराने वेढले. अनेक ठिकाणी पाणी उतरायला आठवडा लागला. पाणी उतरल्यावर घरी आलेल्या बायकांनी कपाट उघडले तेव्हा आत होता चिखलाने माखलेल्या कपड्यांचा गोळा. लग्नातला शालू जातो तेव्हा डोळ्यांत पाणी येते, पण रोजचे साधे परकर-पोलके गेल्यावर उद्या काय नेसायचे हाच प्रश्न पडतो.

खारून आणि शिवनाथ या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या चरोदा-भिलाईकरांना भूकंपाची भीती तुलनेने कमी. पण मुसळधार पाऊस, आग, पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा उन्हाळा आणि अचानक गाव सोडावे लागण्याची वेळ यांपासून कोणते गाव मुक्त आहे?

मदत येते, पण कसली?

‘मदत मिळेलच की’ असे अनेकांना वाटते. मदत येतेही. पण मदतीच्या कपड्यांची कहाणी फारशी सुखद नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे गेले. त्यांतले कितीतरी फाटके, कितीतरी तिथल्या माणसांनी कधीच न घातलेल्या पद्धतीचे. रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग साचले.

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ‘गूंज’ ही संस्था सुरू केली ती घरातल्याच ६७ कपड्यांपासून. कपडा ही अन्न-निवाऱ्याइतकीच मूलभूत गरज आहे, पण तिच्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही, हा त्यांचा आग्रह. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. लोक साडी देतात, शर्ट देतात. परकर, अंतर्वस्त्रे, पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ सुती कापड यांची आठवण कोणाला होत नाही. छावणीत शंभर अनोळखी माणसांत वावरणाऱ्या बाईची सर्वांत मोठी अडचण नेमकी हीच असते, आणि ती तोंडाने सांगताही येत नाही. म्हणून घरच्या पेटीत या वस्तूंना पहिली जागा हवी.

टंचाई लांबली तर?

काही संकटे एका रात्रीत येऊन जात नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कापडाची इतकी टंचाई झाली की १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. ब्रिटनमध्ये तर १९४१ पासून १९४९ पर्यंत कपडे कुपनांवर मिळत. तेथील गृहिणींना सरकारच रफू, ठिगळ आणि जुन्यातून नवे शिवण्याचे धडे देत होते. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. जुन्या लुगड्याची गोधडी, धोतराचे पंचे आणि उरल्याचे पायपुसणे हा त्यांचा रोजचा हिशेब होता.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. किराणा मिळत होता, पण कपड्यांची आणि चपलांची दुकाने कित्येक आठवडे बंद राहिली. वाढत्या वयाच्या मुलांचे पाय मात्र वाढायचे थांबले नाहीत. त्याच दिवसांत देशातल्या महामार्गांवरून मजूर शेकडो मैल चालत गावी निघाले होते. झिजून टाचेला भोक पडलेल्या चपला आणि पायाला बांधलेल्या चिंध्या सर्वांनी पाहिल्या. माणसाला चालण्यावाचून पर्याय उरत नाही तेव्हा चप्पल ही चैनीची वस्तू नसते.

पाय सांभाळा

आपत्तीनंतरच्या बऱ्याच जखमा पायालाच होतात. फुटक्या काचा, खिळे, पत्रे, गंजक्या तारा. ज्या देशांत भूकंप वारंवार होतात तेथे पलंगाशेजारी बंद बूट ठेवण्याचा सल्ला देतात तो यासाठीच. पुरात आणखी एक धोका असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले हे जंतू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. अनवाणी पायांना धोका अधिक.

म्हणून घरातल्या प्रत्येकासाठी बोटे पूर्ण झाकणारा, जाड तळाचा एक बूट आणि एक साधी चप्पल असावी. पावसाळी भागात गमबूट उपयोगी पडतात. कोल्हापुरी कितीही आवडती असली तरी पाण्यात ती टिकत नाही. आणि रबरी तळ पायात आहे म्हणून तुटलेल्या विजेच्या तारेजवळच्या पाण्यात पाऊल टाकू नये. ते संरक्षण पुरेसे नाही.

पण बूट घेऊन ठेवले की काम संपले असे समजू नका. येथे अनेकांची फसगत होते. चांगले महागडे बूट खोक्यात जपून ठेवावेत, पाच-सहा वर्षांनी काढावेत आणि दहा पावले चालताच तळ केकसारखा चुरा होऊन पडावा, असे घडते. दोष नशिबाचा नसतो. आजच्या बऱ्याच हलक्या बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलाव्याने हा पदार्थ हळूहळू आतून तुटत जातो. बूट वापरला नाही तरीही. उष्ण आणि दमट हवेत ही क्रिया आणखी लवकर होते. त्यामुळे साठवणीसाठी घेताना तळ कशाचा आहे हे दुकानदाराला विचारावे. शिवलेला रबरी तळ बरा. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ‘वापरा आणि भरा’. नवा जोड पेटीत ठेवायचा, आधी ठेवलेला वापरायला काढायचा. नवा जोडही आधी आठ-पंधरा दिवस घालून पायाला बसवून घ्यावा, नाहीतर ऐन वेळी फोड येतात.

मुलांसाठी एक माप मोठे घ्यावे आणि जाड मोजे ठेवावेत. दर तीन-चार महिन्यांनी माप पाहावे.

पेटीत काय असावे?

प्रत्येक माणसामागे साधारण एवढे पुरे:
- मजबूत कापडाचे दोन पूर्ण जोड. त्यांतला एक पूर्ण बाह्यांचा, ऊन आणि डास दोन्हींसाठी.
- अंतर्वस्त्रांचे तीन-चार जोड, मोज्यांचे तीन जोड.
- एक स्वेटर किंवा लोकरी शाल, एक रेनकोट.
- एक गमछा किंवा पंचा. टॉवेल, टोपी, झोळी, जखमेवरची पट्टी अशी त्याची अनेक कामे.
- एक बंद बूट, एक चप्पल.

घरासाठी म्हणून दोन जुन्या सुती साड्या जरूर ठेवाव्यात. आडोसा, बाळाची झोळी, पांघरूण, वेळ पडली तर दोरखंडही, पाच-साडेपाच मीटर कापड काय काय करते ते कोणत्याही आजीला विचारा. शिवाय सुई, जाड दोरा, बटणे, नाडी, सेफ्टी पिना, कात्री आणि चप्पल शिवायला दाभण.

कापड निवडताना रंगापेक्षा वीण पाहावी. कापड उजेडासमोर धरा. फार आरपार दिसले तर ते लवकर विरेल. शिवणीला दोन्ही बाजूंनी हलका ताण द्या. दुहेरी शिवण असेल तर उत्तम. खादी, ड्रिल, मांजरपाट टिकाऊ आणि उन्हाळ्याला सुखाचे. टेरिकॉट लवकर वाळते, म्हणून पावसाळ्यात सोयीचे. मात्र नायलॉनसारखे कापड आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. भट्टीजवळ काम करणारे पोलाद कामगार सुती कपडे घालतात ते उगाच नव्हे. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते, सुती कापड भिजले की अंग गारठते. इलॅस्टिक पडून पडून सैल होते. साठवणीच्या कपड्यांत नाडी असलेली बरी.

ठेवायचे कसे?

कपडे नवे असले तरी एकदा धुवावेत, म्हणजे आटायचे ते आटतील आणि कांजी निघून जाईल. कांजीवर कसर येते. कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच घड्या घालाव्यात. गरम कपडे बंद केले तर आत ओल धरते. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत ठेवाव्यात. मात्र तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत. त्यातील नॅप्थॅलीनमुळे काही नवजात बालकांच्या रक्तातील लाल पेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते.

चामड्याचे बूट सावलीतच वाळवावेत, पॉलिश करून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधले तर बुरशी येते.

पेटी पुराच्या पाण्यापेक्षा उंच हवी, पण अंधारातही हात पोहोचेल अशी. वर माळ्यावर दहा भांड्यांमागे ठेवलेली पेटी असून नसल्यासारखीच. एक लहान पिशवी मात्र दाराजवळ असावी, रनिंग स्टाफच्या बॅगेसारखी.

वर्षातून दोनदा पेटी उघडावी. छत्तीसगडात जिला अक्ती म्हणतात त्या अक्षय तृतीयेला एकदा, म्हणजे पावसाळ्याची तयारी होते, आणि दिवाळीच्या साफसफाईत दुसऱ्यांदा, म्हणजे थंडीची. लहान झालेले कपडे काढून, धुऊन, बटणे लावून दुसऱ्याला द्यावेत. आपण स्वतः घालू शकू असेच द्यावे. देणाऱ्याच्या घरचे ओझे घेणाऱ्याच्या माथी मारणे म्हणजे दान नव्हे.

हा सारा खर्च एकदम करण्याची गरज नाही. महिन्याला एक वस्तू घेतली तरी वर्षा-दोन वर्षांत चौघांची पेटी भरते. यातले बरेचसे तर घरातच असते. फक्त एका जागी, धुतलेले आणि मापाचे नसते.

चरोद्याच्या वसाहतीत आजही मध्यरात्री फोन वाजतो आणि कोणीतरी न गोंधळता उठतो. अंधारात हात सरळ बॅगेकडे जातो, पाय सरळ बुटात. मागे झोपलेली मुले जागीही होत नाहीत. उद्या संपूर्ण घरालाच उठून निघावे लागले, तर आपला हात कुठे जाईल? आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.