विश्लेषण : लाकडात चेहरा कोरण्याचा छंद कसा सुरू करावा? लाकूड कुठले, हत्यारे कोणती, नियम काय?

मोठे डोळे, विचकलेले दात आणि शरीराच्या मानाने भलेमोठे डोके. ओंडक्यातून कोरलेल्या अशा ‘टिकी’ मूर्तींच्या चित्रफिती पाहून अनेकांना पटाशी हाती घ्यावीशी वाटते. पनवेल तालुक्यात खारघरच्या परिसरातील ओवे गावासारख्या ठिकाणी, एका बाजूला जुनी घरे आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारती असताना, हा छंद जमण्यासारखा आहे का? जमण्यासारखा आहे. मात्र बाजारातून हत्यारांचा महागडा संच आणण्याआधी तीन गोष्टी ठाऊक हव्यात. लाकूड कुठून आणायचे, ते कसे वागते आणि आपण कोणाचा चेहरा कोरत आहोत.

‘टिकी’ म्हणजे नेमके काय?

टिकी हा शब्द प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवरचा. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत टिकी हे पहिल्या मानवाचे नाव आहे. मार्केसास बेटांवर कोरलेल्या मानवाकृतीला टिकी म्हणतात, तर हवाईमध्ये त्यासाठी ‘किई’ हा शब्द आहे. या मूर्ती शोभेच्या नव्हत्या. त्या पूर्वजांच्या आणि देवांच्या होत्या. हवाईत १८१९ मध्ये जुनी धार्मिक बंधने राजाज्ञेने संपुष्टात आली, तेव्हा बहुसंख्य लाकडी मूर्ती जाळल्या किंवा मोडल्या गेल्या. कू या देवाच्या भव्य मूर्तींपैकी मोजक्याच आज संग्रहालयांत उरल्या आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मूर्ती त्यांपैकीच एक.

मग या मूर्ती मद्यालयांत कशा पोहोचल्या? १९३३ मध्ये अमेरिकेत हॉलीवूड भागात ‘डॉन द बीचकोंबर’ हे बेटांच्या धर्तीवर सजवलेले मद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात लढून परतलेल्या सैनिकांमुळे आणि १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाल्यामुळे ही लाट वाढली. देवाचा चेहरा पेल्यावर, खांबावर आणि बागेतल्या ओंडक्यावर आला. आज छंद म्हणून कोरली जाणारी टिकी बहुतेक वेळा या अमेरिकी टिकीची नक्कल असते.

कोकणात असे काही आहे का?

आहे, आणि साम्य थक्क करणारे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. त्याची उभी मूर्ती सुमारे नऊ फूट उंच आहे. भाविक त्याला चामड्याच्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात. आजची मूर्ती पंचधातूची असली, तरी पूर्वी ती फणसाच्या लाकडाची असे. ब्रिटिश म्युझियममधील कू देवाची मूर्तीही जवळपास तेवढ्याच उंचीची आहे आणि ती नीरफणसाच्या लाकडाची आहे. फणस आणि नीरफणस ही एकाच कुळातली, एकाच प्रजातिसमूहातली झाडे. हजारो मैलांवरच्या दोन किनाऱ्यांवर देवाच्या मूर्तीसाठी माणसांनी जवळपास सारखेच लाकूड निवडले, कारण ते टिकते आणि पटाशीला साथ देते.

दुसरे उदाहरण वाघोबाचे. पालघर, ठाणे आणि मुंबई परिसरात वारली आणि इतर आदिवासी समाज वाघोबाला पूजतात. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले असतात आणि त्यावर शेंदूर चढवलेला असतो. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, त्याची विशेष पूजा होते. वन्यजीव अभ्यासकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पट्ट्यात वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने नोंदवली आहेत. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी भीतीला दिलेला तो चेहरा आहे. लाकडी कामाची बिगर-धार्मिक परंपरा पाहायची तर सावंतवाडीची चितारआळी आहेच. तिथली लाकडी फळे आणि खेळणी घराघरांत पोहोचली आहेत.

ओवे परिसरात लाकूड कुठून मिळेल?

पहिला नियम असा की झाड तोडायचे नाही. पनवेल महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही ‘तोडणे’ या शब्दातच येते. २०२१ मधील दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. झाड सोसायटीच्या आवारातले असले तरी नियम तोच. टेकडीवरच्या जंगलातून ओंडका उचलून आणणे तर वन कायद्याच्या कक्षेत येते. साग, खैर, चंदन यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे.

मग कायदेशीर वाटा कोणत्या? पावसाळ्यापूर्वी रीतसर परवानगीने फांद्यांची छाटणी होते. त्यातला तुकडा संबंधितांना विचारून मिळू शकतो. सुताराकडे आणि लाकडाच्या वखारीत उरलेले ठोकळे असतात. पहिल्या सरावासाठी तेच उत्तम, कारण ते सहसा वाळलेले असतात. तिसरी वाट या भागाची खास आहे. न्हावा-शेवा बंदर आणि तळोजा औद्योगिक वसाहत जवळ असल्याने मालाखालच्या लाकडी चौकटी, म्हणजे पॅलेट, भंगारात भरपूर येतात. त्या बहुधा पाइनच्या असतात.

पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह आणि सांकेतिक अक्षरे असतात. त्यात इंग्रजी ‘एच’ आणि ‘टी’ असेल, तर लाकडातले कीटक उष्णता देऊन मारले आहेत. ‘एम’ आणि ‘बी’ असेल, तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. असे लाकूड छंदासाठी घेऊ नये. शिक्काच नसेल किंवा तेल-रसायनांचे डाग असतील तरी ते बाजूला ठेवावे. खिळे काढल्याशिवाय पटाशी लावू नये.

नवशिक्यासाठी कोणते लाकूड बरे?

मऊ, सारख्या पोताचे आणि कमी गाठींचे. सप्तपर्णी हे नवी मुंबईत रस्त्याकडेला आणि आवारांत सर्रास लावलेले झाड. त्याचे लाकूड मऊ असते. पूर्वी मुलांच्या लिहिण्याच्या पाट्या त्यापासून बनत, म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात ‘स्कॉलारिस’ हा शब्द आला. बाली बेटावरचे प्रसिद्ध मुखवटेही याच झाडाच्या लाकडातून कोरतात. मात्र ताज्या फांदीचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक ठरू शकतो. पांगारा हलका आणि मऊ असल्याने खेळण्यांसाठी वापरला जात आला आहे. शिवण कोरायला सोपी आणि वाळताना फारशी न वाकणारी. आंबा सहज मिळतो, पण ओला राहिला तर त्यावर लवकर बुरशी चढते आणि कीड लागते. फणस सुंदर, पण थोडा कठीण, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मूर्तीसाठी राखावा. नारळाच्या खोडाचा मोह टाळावा. ते बाहेरून टणक, आतून भुसभुशीत असते आणि त्याचे दोरे सुटतात.

ओंडका तडकतो का?

गोल ओंडक्याची मूर्ती करणाऱ्या बहुतेकांचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आकसत नाही. वाढीच्या कड्यांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट आकसते. हा ताण सुटायला जागा नसली की ओंडका गाभ्यापर्यंत चिरतो, आणि चीर नेमकी चेहऱ्यावर येऊ शकते.

उपाय साधे आहेत. ओंडका मधोमध उभा चिरून अर्धा भाग वापरावा. अखंड ओंडकाच हवा असेल तर मूर्तीची पाठ आतून पोखरून गाभा काढून टाकावा. दोन्ही टोकांना मेण किंवा जुना तैलरंग फासावा, कारण पाणी टोकांतून सर्वांत वेगाने उडते. लाकूड सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उचलून ठेवावे. उन्हात किंवा वातानुकूलित खोलीत ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड वाळत नाही, उलट ओल पिते. त्यामुळे वाळवण्याचे आणि तेलपाण्याचे काम दिवाळी ते मे या काळात उरकलेले बरे.

किती हत्यारे लागतात?

सुरुवातीला चार-पाच पुरेत. एक छोटा, मजबूत मुठीचा चाकू, एक सपाट पटाशी, एक गोल धारेची पटाशी, लाकडी हातोडा आणि कानस. याशिवाय ठोकळा घट्ट धरणारा शिकंजा हवाच. हत्यारांची संख्या वाढवण्यापेक्षा धार राखणे महत्त्वाचे. धार लावायच्या दगडावर घासून झाल्यावर जुन्या चामडी पट्ट्यावर पाते ओढावे, न्हावी वस्तरा ओढतो तसे. धार बरोबर असेल तर काप चकचकीत दिसतो. भुसा पडू लागला किंवा तंतू फाटू लागले, की कोरणे थांबवून पुन्हा धार लावावी. सदनिकेत राहणाऱ्यांनी हातोड्याऐवजी चाकूचे काम निवडले तर शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते.

पहिला चेहरा कसा कोरायचा?

सर्वांत आधी अंघोळीच्या साबणाच्या वडीवर सराव करावा. त्यानंतर साधारण पाच सेंटिमीटर रुंद, तेवढाच जाड आणि वीस सेंटिमीटर उंच ठोकळा घ्यावा. चेहरा सपाट बाजूवर न काढता ठोकळ्याच्या कडेवर काढावा. कड म्हणजेच नाक. अशाने दोन्ही गाल आपोआप मागे ढळतात आणि निम्मे काम वाचते.

कडेवर भुवया, नाकाचा शेंडा आणि तोंड यांच्या खुणा करून घ्याव्यात. प्रत्येक खुणेवर आधी सरळ आत जाणारा काप द्यावा. त्याला ‘थांबा काप’ म्हणू. मग खालून तिरपे कापत त्या कापापर्यंत यावे, म्हणजे तुकडा तिथेच सुटतो आणि पुढचे लाकूड फाटत नाही. भुवयांखाली आणि नाकाखाली असे दोन खोल खाचे पडले, की चेहरा दिसू लागतो. डोळे आणि दात सर्वांत शेवटी. नवशिके डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि नंतर नाकाला लाकूडच उरत नाही.

लाकडाच्या रेषा पाहून कापणे हे या छंदातले खरे शिक्षण. रेषेच्या उताराने कापले तर पाते सरकते, उलट गेले तर लाकूड उचकटते. ही जाण पुस्तकातून येत नाही, दहा-बारा ठोकळे वाया गेल्यावर हातात येते.

धोका कुठे आहे?

बोथट पात्याला जास्त जोर लागतो आणि जोर लावलेले पातेच निसटते. ठोकळा मांडीवर किंवा तळहातावर धरून कोरू नये. पात्याच्या वाटेत दुसरा हात नसावा. धरणाऱ्या हातात काप न लागणारा हातमोजा घालावा. घासकाम करताना मुखपट्टी आवश्यक आहे, कारण लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहे.

शेवटी जवसाचे तेल लावणार असाल, तर तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत. कीड टाळण्यासाठी तेल देण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाचा हात देता येतो. हातमोजे मात्र घालावेत.

कोणाचा चेहरा कोरायचा?

नक्कल करून शिकण्यात गैर काही नाही. पण टिकी असो वा वाघोबा, तो कोणाचा तरी देव आहे. पाड्यावरची जुनी कोरीव फळी शोभेसाठी उचलून आणणे ही चोरी आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकृती असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो. कोरलेला वाघोबा विक्रीला ठेवून त्यावर ‘आदिवासी कला’ अशी चिठ्ठी लावणे म्हणजे ज्यांची ही परंपरा आहे त्यांच्या ताटातले घेणे.

ओवे परिसरात स्वतःचे चेहरे कमी नाहीत. शेतातले बुजगावणे, ओटीवर बसलेली आजी, टेकडीवरून सोसायटीच्या भिंतीवर येणारे माकड, रात्रपाळीचा पहारेकरी. यातल्या कोणाला मोठे डोके, ठसठशीत भुवया आणि उघडे दात दिले, तर घडण टिकीची राहते आणि चेहरा इथला होतो. सरावाचा पहिला ठोकळा मात्र फेकू नये. त्यावर मागच्या बाजूला तारीख आणि लाकडाचे नाव लिहून ठेवावे. पाचव्या मूर्तीच्या वेळी कुठले लाकूड तडकले, कुठल्याला कीड लागली आणि कुठले टिकले, याची सर्वांत भरवशाची नोंद तीच असते.