मुलाला फुटबॉलला घालताय?

माहेर किंवा सासर कोल्हापूरचं असेल, तर फुटबॉलचं वेड काय असतं ते तुम्हांला सांगायला नको! कुस्तीसाठी नावाजलेल्या या गावात पेठापेठांतल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं घराघरांत ठाऊक. शाहू स्टेडियमवर चुरशीचा सामना असला, की घरातल्या चहा-जेवणाच्या वेळासुद्धा बदलतात. आपल्या तालमीचा संघ हरला, म्हणजे जणू सारी पेठच हरली!

नेमकं इथंच आपण आयांनी सावध राहायला हवं. मोठ्यांचा संघ जिंकायला खेळतो, लहानांचा शिकायला. पेठेच्या इभ्रतीचं ओझं दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर कशाला?

म्हणून गाव कुठलंही असो, क्लबात नाव घालण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी स्वतः मैदानावर जाऊन बसा. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू देतात ना? मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. चार नंबरचा त्याहून लहान आणि हलका. खेळात कच्च्या असलेल्या मुलालाही सामन्यात थोडा वेळ उतरवतात, की तो नुसत्या पाण्याच्या बाटल्याच सांभाळतो? चूक झाली तर समजावून सांगतात, की चारचौघांत शिव्या देतात? मोठी मुलं लहानांना सांभाळून घेतात का? एवढं पाहिलंत, तरी क्लबाची परीक्षा होते.

नडगीवर शिनगार्ड हवेतच. सामन्यात तसा नियमच आहे. खेळायला जाताना पोटभर जेवण नको. केळं आणि भरपूर पाणी द्या. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, तर त्या दिवशी खेळ बंद. आधी डॉक्टर, मग तो अंतिम सामना का असेना!

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण आपलं मूल तिथवर नाही पोचलं, तरी हरून हसत घरी यायला शिकलं, हे काय कमी आहे?

आणि हो, लेक म्हणाली, “आई, मीपण जाऊ?” तर लगेच नाही म्हणू नका. २०२२ साली मुलींचाही सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्या देशात झाला. दादाच्या बुटांबरोबर तिच्याही बुटांचं माप द्या!