थीम भारी, पण कुणाची?

सेमिस्टर प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. लॅपटॉपवर माझी लाडकी डार्क थीम एकदम कडक दिसत होती. प्रोजेक्टर लावला आणि कोडमधल्या करड्या कमेंट्स पडद्यावरून गायब! 'इथे काय लिहिलंय?' मॅडमनी विचारलं. मलाच वाचता येईना. थीम नेटवरून उचललेली. कुणी केली, कधी बघितलंच नव्हतं.

आपण थीम निवडतो ती लूक बघून. ओपन सोर्स एडिटरवाल्यांना मात्र बाहेरच्या कुणाची थीम एडिटरसोबतच द्यायची असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. एकदा ती आत गेली की एडिटर इन्स्टॉल करणाऱ्या प्रत्येकाकडे पोहोचते. म्हणून तीन प्रश्न येतात. लायसन्स काय? सगळ्यांना वाचता येते का? आणि पुढे सांभाळणार कोण?

आधी लायसन्स. इथन शूनओव्हर यांनी २०११ मध्ये 'सोलराइज्ड' ही १६ रंगांची थीम आणली, एमआयटी लायसन्सखाली. म्हणजे वापरा, बदला, वाटा. फक्त मूळ कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. व्हीएस कोडमध्ये ती आज आयती मिळते. पण ज्या थीमला लायसन्सच नाही, ती 'नेटवर फुकट पडलीय' म्हणून आपली होत नाही. तिचे हक्क बनवणाऱ्याकडेच राहतात.

ईमॅक्सचा नियम आणखी कडक आहे. जीएनयू प्रकल्पाच्या या जुन्या एडिटरच्या मूळ कोडमध्ये साधारण १५ ओळींहून जास्त भर घालायची, तर आधी कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो. रीतसर कागद करून! प्रोतेसिलाओस स्ताव्रू यांच्या 'मोडस' थीम्स २०२२ मध्ये आलेल्या ईमॅक्स २८ पासून सोबतच मिळतात. 'ओपेरांडी' पांढरी, 'विवेंडी' काळी.

त्यांची खासियत दुसऱ्या प्रश्नात आहे. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ७:१ कॉन्ट्रास्ट ठेवायचा, हे त्यांचं सूत्र. वेबसाठीच्या सुलभता निकषांत साध्या मजकुराला ४.५:१ ही मधली पातळी, तर ७:१ ही सर्वात वरची. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यांच्यासाठी यात वेगळे प्रकार आहेत. कोडमधली काढलेली ओळ लाल आणि नवी हिरवी, हे आपल्याला सोपं वाटतं. त्यांना दोन्ही सारख्याच दिसू शकतात. म्हणून तिथे निळ्या-पिवळ्याचा आधार घेतलाय.

राहिला तिसरा प्रश्न. एडिटरमध्ये नवं काही आलं की त्यालाही रंग द्यावे लागतात. थीमवाल्याने मधेच सोडून दिलं, तर ते काम एडिटरच्या टीमच्या गळ्यात पडतं. त्यामुळे थीम लोकप्रिय असली तरी ती वेगळी एक्स्टेन्शन म्हणून राहणं अनेकदा बरं. 'ड्रॅक्युला' व्हीएस कोडमध्ये अशीच वेगळी टाकून घ्यावी लागते. म्हणून ती कुणी वापरायचं थांबत नाही.

त्या रात्री मी माझ्या थीमचं मूळ शोधलं. फोल्डरमध्ये लायसन्सची फाइलच नव्हती! आणि मी ती थीम, बनवणाऱ्याच्या नावाशिवाय, प्रोजेक्टसोबत सबमिट करून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी ती काढली, सोलराइज्ड घातली आणि रीडमीमध्ये शूनओव्हर यांचं नाव आणि लायसन्स टाकलं.

तुमचं सबमिशन जवळ आलं असेल ना? मग एकदा फोल्डर उघडून बघाच. आणि हो, प्रोजेक्टरवरसुद्धा!