वेल्डिंग जनरेटरचं व्होल्टेज का पडतं?

आज आपण इंजिनवर चालणाऱ्या वेल्डिंग जनरेटरबद्दल बोलणार आहोत. जिथे लाइट पोचलेली नाही अशा साइटवर हे एकच मशीन वेल्डिंगचा करंट देतं आणि ग्राइंडर, ड्रिल चालवायला २३० व्होल्टही देतं. तक्रार ठरलेली असते : ‘इंजिन तर चालतंय, पण ग्राइंडर ओढत नाही.’ मग कोणीतरी गव्हर्नरचा स्क्रू पिळतो. फेरे वाढतात, व्होल्टेज थोडं वर येतं आणि काम पुढे सुरू होतं. आमचं म्हणणं एवढंच, की मीटर लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये. का, ते बघू.

जनरेटरचं व्होल्टेज मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : रोटर किती वेगाने फिरतो आणि त्याचं चुंबकत्व किती आहे. दोष कुठल्या बाजूला आहे हे फ्रिक्वेन्सी सांगते. इन्व्हर्टर नसलेल्या नेहमीच्या मशीनमध्ये ती फक्त फेऱ्यांवर अवलंबून असते. दोन पोलच्या मशीनला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे लागतात, चार पोलच्या मशीनला १५००. लोड नसताना ती एक-दोन हर्ट्झ जास्त दिसते, ते ठीकच.

समजा व्होल्टेज कमी आणि फ्रिक्वेन्सीही ४३. मग दोष इंजिनाकडे. ऑटो आयडल अडकलंय का, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तुंबलेत का, गव्हर्नरची लिंक घट्ट झालीय का, ते बघायचं. पण फ्रिक्वेन्सी ५० आणि व्होल्टेज १६० असेल, तर इंजिन निर्दोष आहे. इथे स्क्रू पिळला तर इंजिन विनाकारण जास्त पळतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

मशीन उघडण्याआधी केबल तपासा. मीटर मशीनच्याच सॉकेटवर लावा. तिथे २३० आणि ग्राइंडरपाशी कमी, म्हणजे केबल बारीक. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या ५० मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन १०० मीटर तार होते. तिचा रोध साधारण १.२ ओहम. १५ अँपिअर ओढले की १८ व्होल्ट वाटेतच गेले.

सॉकेटवरही कमी असेल, तर वेल्डिंगची बाजू पाहा. वेल्डिंग चांगलं आणि फक्त सॉकेट कमकुवत असेल, तर सॉकेटच्या वाइंडिंगचे जोड, ब्रेकर तपासा. दोन्ही बाजू पडल्या असतील, तर संशय दोघांच्या सामाईक फील्डवर, म्हणजे रोटरला मिळणाऱ्या डीसीवर.

आता इंजिन बंद, बॅटरीची वायर काढलेली, कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज केलेला. मगच हात आत. कार्बन झिजलेत का, स्प्रिंगचा दाब आहे का, स्लिप रिंग काळ्या पडल्यात का? पुष्कळदा काम इथेच संपतं. नाही संपलं तर फील्डचा रेक्टिफायर तपासा, कार्बन उचलून रोटरचा रोध मॅन्युअलशी ताडा, आणि रोटर बॉडीला लागलेला नाही ना, हेही पाहा.

मीटर जेमतेम तीन-चार व्होल्ट दाखवत असेल, तर बहुधा फील्डला डीसी मिळतच नाहीये. फार दिवस पडून राहिलेल्या मशीनचं शिल्लक चुंबकत्व कधीकधी उतरतं. कंट्रोलच्या वायरी सोडवून, प्लस-मायनस नीट जुळवून, कार्बनना १२ व्होल्ट बॅटरी जोडायची आणि मग इंजिन चालू करायचं. व्होल्टेज बऱ्यापैकी उठलं तर वाइंडिंग शाबूत आहे. वायरी परत जोडल्यावरही ते टिकलं, तर चुंबकत्वच उतरलं होतं. पुन्हा पडलं, तर दोष फील्डला डीसी पुरवणाऱ्या सर्किटमध्ये. आणि बॅटरी देऊनही उठलं नाही, तर मशीन रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावं.

‘चालतंय तोवर चालू दे’ हे इथे महाग पडतं. कमी व्होल्टेजवर पंपाची किंवा कंप्रेसरची मोटर लोड ओढायला जास्त करंट घेते, गुणगुणत तापते आणि शेवटी जळते. दोष जनरेटरचा, पण जळते भलतीच मोटर. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी फ्रिक्वेन्सी, मग केबल, मग कार्बन. स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही फ्रिक्वेन्सीचा मीटर समोर ठेवून.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.