चार तास सोयाबीनचे, दोन तास तुरीचे

मराठी भाषेत तुरीने आपले स्थान फार पूर्वीच मिळविले आहे. तुरी अजून बाजारातच असताना त्यांवरून घरात भांडण जुंपावे, यावर आपण म्हण रचली. आणि कोणी चकवून निसटला, की तो ‘हातावर तुरी देऊन गेला’ असे आपण म्हणतो. परंतु हे धान्य शेतात कसे उभे राहते, ते ठाणाकुशनूरला येईपर्यंत मी पाहिलेही नव्हते. माझी घरची बोली कोकणी. बालपण गेले ते भाताच्या खाचरांत आणि माडांच्या सावलीत. तिकडे चिंता असे ती पाऊस फार होईल याची. इकडे तो केव्हा येईल आणि केव्हा पाठ फिरवील याची. पाऊसच जेथे शेतकऱ्याच्या हातावर तुरी देतो, त्या मुलखात तुरीच्या दोन ओळी एखाद्या कुटुंबाला कशा सावरतात, ते विद्यार्थिमित्रांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भागात कोठे काळी चिकण जमीन, तर कोठे तांबडी, जांभ्याची. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि विहिरीचे पाणी सर्वांच्या वाट्याला येत नाही. म्हणून आपले आजे-पणजे एकाच शेतात ज्वारी, तूर, मूग, उडीद अशी पिके ओळीओळीने पेरीत. पेरणीच्या अशा ओळीला ‘तास’ म्हणतात. शाळेतील तासाशी तिचा संबंध नाही, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगावयास नकोच! मूग सर्वांआधी घरी येई, मग ज्वारी, आणि पौषाच्या सुमारास तूर. आज पुष्कळ शेतांत बांधापासून बांधापर्यंत एकटे सोयाबीन दिसते. यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. सुमारे शंभर दिवसांत पीक निघते, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा हाती येतो आणि उधारी फिटते. परंतु सगळा भार एकाच दोरीवर टाकला, तर ती तुटल्यावर काय करावे?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्यासमोर वर्गातच उभा राहिला. सोयाबीनच्या कापणीच्या दिवसांत पावसाने झड धरली. उभ्या पिकाच्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटले. दिवाळीनंतर माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा शाळेत आला नाही. निरोप पाठविला तेव्हा कळले, की दोन एकरांतले सोयाबीन गेले आणि सारे घर कामासाठी परगावी निघून गेले. त्याच्याच शेजारच्या शेतातील मुलगी मात्र वर्गात होती. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाई, सोयाबीन आमचंही गेलं, पण आमच्या आजोबांनी चार तास सोयाबीनचे अन् दोन तास तुरीचे पेरले होते. तूर अजून उभी आहे.” शेत उताराचे होते, पाणी साचून राहिले नाही. जानेवारीत तूर घरात आली आणि ती मुलगी परीक्षेला बसली. त्या दोन तासांचे मोल मला त्या दिवशी समजले.

तुरीला हे कसे साधते? पहिली गोष्ट वेळेची. तूर आरंभीचे दीड-दोन महिने अगदी संथपणे वाढते. तेवढ्या अवधीत शेजारच्या ओळीतील मूग, उडीद वा सोयाबीन आपली वाढ उरकून घेते. ते पीक काढले, की मोकळी झालेली जागा, ऊन आणि जमिनीतील ओल तुरीला मिळते. दुसरी गोष्ट मुळांची. सोयाबीनची बरीचशी मुळे वरच्या थरात असतात. तुरीचे सोटमूळ खोल उतरते आणि पावसाळा सरल्यावरही खालच्या ओलाव्यावर झाड हिरवे राहते. एकाच शेतात दोन भावंडे दोन वेगळ्या ताटांत जेवावीत, तसे हे आहे.

तिसरी गोष्ट मुळांवरील गाठींची. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, परंतु ते पिकाला जसेच्या तसे घेता येत नाही. तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जातीचे सूक्ष्म जीव हे नत्र झाडाच्या उपयोगी रूपात आणतात. त्यातील बराच वाटा तूर स्वतःच वापरते; पण गळलेली पाने आणि कुजलेली मुळे यांच्या वाटे काही भाग पुढील पिकाला मिळतो. शिवाय १९९० साली शास्त्रज्ञांनी असे प्रसिद्ध केले, की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते आणि तांबड्या जमिनीत लोहाशी जखडलेले स्फुरद त्यामुळे मोकळे होते.

बिदरहून हैदराबादला जाताना वाटेत पाटणचेरू लागते. तेथे १९७२ साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, ‘इक्रिसॅट’, स्थापन झाली. त्या संस्थेतील राव आणि विली या संशोधकांनी ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांचा हिशेब मांडून १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. उत्पन्नाची एक किमान मर्यादा धरली, तर एकटी तूर ५ वर्षांत एकदा, एकटी ज्वारी ८ वर्षांत एकदा दगा देईल. दोन्ही एकत्र पेरल्यास मात्र ३६ वर्षांत एकदाच! हे आकडे ज्वारी-तुरीचे आहेत, सोयाबीनला ते तंतोतंत लागू करता येणार नाहीत. परंतु दोन वेगळ्या स्वभावांची पिके एकाच संकटात सहसा एकदम बुडत नाहीत, हे तत्त्व दोहोंकडे सारखेच. आज ज्याला ‘शाश्वत शेती’ म्हणतात, तिचे मर्म लहान शेतकऱ्यापुरते हेच: जमिनीचा कस टिकावा आणि घर एका हंगामाने उघड्यावर येऊ नये.

तथापि जुने ते सर्व सोने, असेही कोणी समजू नये. त्याच शेतात वर्षानुवर्षे तूर घेतली, तर मर रोगाची बुरशी मातीत ठाण मांडते आणि उभी झाडे वाळतात. त्यासाठी फेरपालट हवी आणि रोगाला दाद न देणारे वाण हवेत. १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झालेला ‘मारुती’ हा अशांपैकीच एक. पाणी साचणारी जमीन तुरीला मानवत नाही. पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियम चोळावे. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी प्रथम निंबोळी अर्क वापरावा आणि शेतात पक्ष्यांना बसण्यास काठ्या रोवाव्यात. पाखरे अळ्या टिपतात. अनुभव आजोबांचा आणि चाचणी प्रयोगशाळेची, असे दोन्ही हवे.

येथेच, विद्यार्थिमित्रांनो, तुमची गरज आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा एका राज्यात गेले, आपण दुसऱ्या. माती मात्र विभागली गेली नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पुस्तिका मराठीत असते, रायचूरच्या विद्यापीठाची कन्नडमध्ये. तुम्ही दोन्ही लिपी शिकता. ज्या घरात वडिलांना एकही वाचता येत नाही, तेथे तुम्ही दोन्ही वाचून दाखवू शकता. शेजारच्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पिकाला असा मान मिळाला, ते आपल्याच शिवारातले आहे, याचाही विसर नको.

येत्या श्रावणात ओल्या जमिनीतून तुरीचे एक रोप हलक्या हाताने, मातीसकट उपटा. मुळे धुऊन एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर ती गाठ कामावर आहे असे समजा. मग घरी आजोबांजवळ बसा आणि त्यांच्या वेळी कोणत्या तासात काय पेरीत, ते वहीत लिहून घ्या. शेजारच्या त्या मुलाचे बाक त्या वर्षी रिकामेच राहिले. पुढील वर्षी असे एकही बाक रिकामे राहू नये, म्हणून ही वही लिहावयाची आहे.