विश्लेषण : धबधब्यात दोरावर अडकलेल्याची सुटका वरून कशी होते?

पावसाळ्यात भिवपुरीजवळच्या बेकरे धबधब्यावर रॅपलिंगला गर्दी होते. उतरताना टी-शर्टचे टोक किंवा मोकळे केस ‘फिगर ऑफ एट’मध्ये ओढले गेले, की माणूस जागीच अडकतो. कोरड्या कड्यावर थोडा वेळ थांबता येते. धबधब्यात मात्र डोक्यावर पाणी कोसळत असते, श्वास घेणे कठीण होते, अंग गारठते. अशा वेळी वर दोर नुसता गाठ मारून बांधलेला असेल तर पंचाईत. माणसाचे वजन असताना ती गाठ सुटत नाही.

मग उपाय काय?

दोर थेट न बांधता अँकरवरच्या दुसऱ्या फिगर ऑफ एटमधून किंवा मुंटर हिचमधून घेतात आणि तो सरकू नये म्हणून म्यूल गाठीने अडवतात. ही गाठ ताण असतानाही सोडता येते. ती सोडून वरचा माणूस दोर हळूहळू पुढे देतो आणि अडकलेला दोरासकट खाली पोहोचतो.

गफलत होते ती लांबीत. 30 मीटरच्या टप्प्यात कोणी अगदी वरच अडकला, तर आणखी 30 मीटर दोर वर शिल्लक हवा. म्हणजे एकूण किमान 60 मीटर. शिवाय पाण्याच्या आवाजात हाक पोहोचत नाही. शिट्टीच्या खुणा आधीच ठरवाव्या लागतात.

शेवटी उतरणाऱ्याला ही सोय नाही, कारण दोर सोडायला वर कोणी उरत नाही. म्हणून ती जागा सहसा अनुभवी माणसाची.