परदेशी माणूस बौद्ध देशात का राहतो? वनपत्थसुत्ताच्या आधारे एक विचार

थायलंड हा बौद्ध देश आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. अलीकडे आपल्या समाजातील अनेक उपासक-उपासिका बँकॉक, अयुथया येथील विहारांचे दर्शन घेऊन येतात. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते. तेथे गोरे लोक फार दिसतात आणि त्यांतील कित्येक केवळ प्रवासी नसून घर करून राहिलेले असतात. शहापूर तालुक्यात भातसा नदीच्या काठी वसलेल्या सापगावी वर्षावासातील एका प्रवचनानंतर एका तरुणाने हाच विषय काढला. "सर, त्यांच्या देशात सगळं आहे. मग ते तिकडे जाऊन का राहतात? आपली मुलं तर त्यांच्या देशात जायला धडपडतात." प्रश्न वरवर साधा आहे. परंतु माणसाने कोठे राहावे आणि कशासाठी राहावे, हा भगवान बुद्धांच्या उपदेशातील एक महत्त्वाचा विषय असल्याने त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे योग्य होईल.

प्रथम व्यावहारिक कारणे पाहू. थायलंडमध्ये स्थायिक होणाऱ्या पाश्चात्त्यांत निवृत्त माणसांचे प्रमाण मोठे आहे. वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि थाई बँकेत ८ लाख बाट ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवू शकणाऱ्या परकीयास तेथे वर्षभर राहण्याचा आणि दरवर्षी मुदत वाढवून घेण्याचा परवाना मिळतो. इंग्लंड वा जर्मनीत जे निवृत्तिवेतन जेमतेम पुरते, त्यात तेथे ऐसपैस राहता येते. हिवाळ्याची कडकी नाही, रुग्णालये चांगली आहेत, लोक मृदुभाषी आहेत. परकीयास सामान्यतः जमीन विकत घेता येत नाही, तरीही लोक राहतात. कित्येकांनी तेथील स्त्रियांशी विवाह करून ईशान्येकडील इसान प्रांतातील खेड्यांत संसार मांडले आहेत. याची एक काळी बाजूही आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांच्या 'विश्रांती'साठी फोफावलेला देहविक्रयाचा बाजार अद्याप अनेकांना तिकडे खेचतो, आणि बौद्ध देश म्हणून आपण तिकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही.

थाई लोक गोऱ्या माणसास 'फरंग' म्हणतात. हा शब्द आपल्या 'फिरंगी' या शब्दाचेच भावंड होय.

इसान हा थायलंडमधील सर्वांत गरीब भाग. तेथील तरुण-तरुणी पोटासाठी बँकॉकला जातात आणि गावी म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. ज्या गावातून त्या गावचा मुलगा निघून गेला, त्याच गावात हजारो मैलांवरून आलेला फरंग सुखाने राहतो! शहापूर-मुरबाडच्या वाचकांस या चित्राचा पूर्वार्ध तरी नवा वाटू नये. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पाणी मुंबईस जाते, उन्हाळ्यात तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरतात आणि शिकलेला मुलगा आसनगावहून लोकल पकडून पाण्याच्याच मार्गाने जातो.

याच इसानमध्ये, उबोन जिल्ह्यात, वेगळ्या हेतूने राहणारे पाश्चात्त्यही आहेत. अरण्यवासी परंपरेचे थोर आचार्य अजान चाह (१९१८-१९९२) यांनी १९७५ साली तेथे वाट पाह नानाचाट हा विहार परदेशी भिक्खूंच्या शिक्षणासाठी स्थापिला. त्याचे पहिले प्रमुख अजान सुमेधो हे अमेरिकन. त्यांनी १९६७ साली उपसंपदा घेतली होती. येथे येणाऱ्यास आधी पांढऱ्या वस्त्रांत, नंतर सामणेर म्हणून राहावे लागते. उपसंपदा त्यानंतरच मिळते. पहाटे उठणे, भिक्षेस जाणे, एकवेळ जेवणे, पैशास न शिवणे असा त्यांचा दिनक्रम आहे. निवृत्त फरंग आणि हा भिक्खू एकाच देशात, कधीकधी एकाच तालुक्यात राहतात. मग दोघांच्या राहण्यात भेद कोणता?

मज्झिमनिकायातील १७ वे सुत्त, वनपत्थसुत्त, याचे उत्तर देते. भिक्खूने कोणत्या वनात राहावे व कोणते सोडावे, हे सांगताना भगवंतांनी दोनच कसोट्या लावल्या आहेत. तेथे राहून स्मृती दृढ होते का, चित्त एकाग्र होते का, आस्रव क्षीण होतात का, ही पहिली. चीवर, भोजन, निवास व औषध हे चार प्रत्यय सहज मिळतात का, ही दुसरी. दोन्ही नसतील तर त्याच दिवशी वा त्याच रात्री निघावे. प्रत्यय भरपूर आहेत पण चित्ताची प्रगती नाही, अशा ठिकाणी भिक्खूने विचार करावा की मी गृहत्याग काही चीवर-भोजनासाठी केलेला नाही, आणि तेथून निघावे. उलट, प्रत्यय दुर्मीळ आहेत पण प्रगती होते आहे, तर राहावे. दोन्ही असतील तर जन्मभर राहावे. पुढे हीच कसोटी भगवंतांनी गाव, निगम, नगर, जनपद आणि अखेर व्यक्ती यांनाही लावली आहे. म्हणजे हे सुत्त केवळ अरण्यवासाचे नाही. माणसाने कोणत्या देशात आणि कोणाच्या संगतीत राहावे, याचे ते शास्त्र आहे.

या कसोटीने पाहिले तर बहुसंख्य परदेशी रहिवासी प्रत्ययांच्या सुलभतेसाठी थायलंडात राहतात, असे म्हणावे लागते. यात त्यांना हिणवण्याचा हेतू नाही. ते गृहस्थ आहेत, आणि म्हातारपणी चार घास सुखाने खावेत असे वाटणे हा दोष नव्हे. आपले लोक आखाती देशांत जातात तेही प्रत्ययांसाठीच. मात्र नानाचाटच्या भिक्खूने लंडन वा सिॲटल सोडले ते तेथे प्रत्यय कमी होते म्हणून नव्हे. तेथे विनय शिकविणारा संघ नव्हता म्हणून.

आता आपल्या मुलखाकडे वळू. परदेशी माणसाने धम्मासाठी येऊन राहावे, ही गोष्ट ठाणे जिल्ह्यास नवी नाही. खरे पाहता येथील धम्माचा इतिहास तिच्यापासूनच सुरू होतो. सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे तिसरी संगीती झाली. त्यानंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी निरनिराळ्या देशांत धम्मदूत पाठविले, असे महावंस व समन्तपासादिका हे ग्रंथ सांगतात. महारट्ठात महाधम्मरक्खित स्थविर आले. अपरान्तात, म्हणजे ज्यात सोपारा-कल्याणचा हा प्रदेश येतो त्या उत्तर कोकणात, जे स्थविर आले त्यांचे नाव होते योनक धम्मरक्खित. योनक म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा. त्या काळचा फरंगच म्हणा! त्यांनी येथे उपदेशिलेले सुत्त अग्गिक्खन्धोपम होय. श्रद्धावान लोकांनी दिलेले अन्न-वस्त्र दुःशील भिक्खूने भोगण्यापेक्षा धगधगता अग्नी कवटाळणे बरे, असा त्याचा कठोर आशय आहे. परक्या देशात येऊन प्रत्ययांवर जगणाऱ्या भिक्खूने पहिल्याच प्रवचनासाठी हा विषय घ्यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ३७ हजार लोक धम्मास आले, असा आकडा त्या ग्रंथांत आहे. आकड्यावर वाद घालता येईल. परंतु त्यापुढचे विधान अधिक मोलाचे आहे. येथील हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांनी प्रव्रज्या घेतली, म्हणजे धम्म सांगणारे स्थानिकच तयार झाले.

यवन पुढेही येतच राहिले. मुरबाडवरून नाणेघाट चढून गेले की जुन्नर लागते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा माल याच वाटेने वर जात असे. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. त्यांतील इरिल याने पाण्याच्या दोन पोढी खोदविल्या, तर चिट याने संघासाठी भोजनमंडप करविला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभही धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. हे लोक व्यापारासाठी आले असावेत. पण राहिले त्या भूमीत त्यांनी पाणी आणि अन्न यांची सोय मागे ठेवली.

परदेशी माणसाइतकाच आपल्या माणसाचाही विचार पालि वाङ्मयात आहे. पुण्ण स्थविर हे सुनापरान्ताचे, म्हणजे याच सोपाऱ्याकडचे. भगवंतांकडून उपदेश घेतल्यावर ते म्हणाले, मी सुनापरान्तात जाऊन राहीन. तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर? मारले तर? शस्त्राने जीव घेतला तर? भगवंतांच्या प्रत्येक प्रश्नाला पुण्णांनी शांतपणे उत्तर दिले, आणि ते आले. पहिल्याच वर्षावासात ५०० उपासक आणि ५०० उपासिका तेथे धम्मात प्रतिष्ठित झाल्या, असे पुण्णोवादसुत्त सांगते. प्रत्यय सोडाच, जिवाची शाश्वती नाही अशा ठिकाणी हा माणूस राहावयास गेला, आणि ते ठिकाण त्याचा स्वतःचाच मुलूख होता.

मध्यंतरी हा ओघ उलटला. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांना बौद्ध धम्म शिकण्यासाठी १९०२ साली सिलोनला जावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. महाराष्ट्रात त्यांना गुरू मिळणे शक्यच नव्हते. परत येऊन त्यांनी पालि शिकविली, आणि १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला.

आपल्या काळातील दोन इंग्रजांची हकिकत याच परंपरेत बसते. डेनिस लिंगवूड हा लंडनचा तरुण दुसऱ्या महायुद्धात सैन्यातून भारतात आला आणि युद्धानंतर येथेच राहिला. १९४९ साली कुशीनगर येथे ऊ चंद्रमणी महास्थविरांकडून त्याने सामणेर दीक्षा घेतली. हेच महास्थविर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे होते. भदंत संघरक्षित या नावाने हा भिक्खू कालिम्पोंगला राहू लागला. १९५२ साली मुंबईत त्याची बाबासाहेबांशी पहिली भेट झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते योगायोगाने नागपुरात पोहोचले, आणि थोड्याच वेळात महापरिनिर्वाणाची वार्ता आली. त्या सायंकाळी आणि पुढील दिवसांत शोकाकुल, दिशाहीन झालेल्या लाखो नवदीक्षितांपुढे त्यांनी सभांमागून सभा घेतल्या. पुढे कित्येक वर्षे ते महाराष्ट्रात फिरत राहिले. १९६४ साली ते इंग्लंडला परतले आणि १९६७ साली त्यांनी तेथे नवा बौद्ध संघ उभारला. तेथील त्यांच्या वर्तनावर अनुयायांपैकी काहींनी गंभीर आक्षेप घेतले, आणि २०१६ साली त्यांनी स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. तिने डिसेंबर १९५६ मधील कार्य पुसले जात नाही, आणि त्या कार्याने ही गोष्टही पुसली जात नाही.

त्यांचे शिष्य लोकमित्र १९७७ साली पुण्यास योगाभ्यासासाठी निघाले असता वाटेत नागपूरला उतरले. तो नेमका धम्मदीक्षेचा वर्धापनदिन होता. समोरचा जनसागर पाहून त्यांनी निर्णय घेतला आणि १९७८ पासून ते पुण्यात राहू लागले. १९७९ साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण सुरू झाला. वस्त्यांतील धम्मवर्ग, दापोडीचा महाविहार, भाजे येथील शिबिरे, मुलामुलींची वसतिगृहे हे सारे त्यातून उभे राहिले. वसतिगृहांसाठी इंग्लंडमधील तरुण बौद्धांनी घरोघर दारे ठोठावून पैसा जमविला, ही माहिती आपल्याकडे फारशी कोणास नसते. भाज्यापासून कार्ल्याचे ते यवनांचे स्तंभ फार दूर नाहीत. आणि 'धम्मरक्खित' व 'संघरक्षित' या दोन नावांतील साम्य पालिच्या विद्यार्थ्यास जाणवल्यावाचून राहत नाही.

मंगलसुत्तात 'पटिरूपदेसवास', म्हणजे योग्य देशात राहणे, हे मंगल मानले आहे. अट्ठकथाकार योग्य देशाची खूण सांगतात. जेथे भिक्खू, भिक्खुनी, उपासक व उपासिका या चारही परिषदा नांदतात, दान-शील-भावनादी पुण्यक्रिया चालतात आणि शास्त्याचे शासन तेजाने विराजते, तो योग्य देश. हवा-पाणी, स्वस्ताई यांचा त्यात उल्लेख नाही. या व्याख्येने थायलंड योग्य देश ठरतो. १९५६ च्या महाराष्ट्रात उपासक-उपासिकांचा महासागर होता आणि शिकविणारे भिक्खू जवळजवळ नव्हते. या दोन इंग्रजांनी तयार योग्य देश शोधला नाही. अर्धा असलेला देश पुरा करावयास ते राहिले. भिक्खू हा केवळ स्वतःस पूर्णत्वास नेणारा माणूस असावा की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला होता. समाजसेवक भिक्खूतच त्यांना धम्माची आशा दिसली. त्यांच्या त्या अपेक्षेशी हे राहणे अधिक जुळते, असे माझे मत आहे.

खेडे सोडा, असे बाबासाहेबांनीच सांगितले होते, हा आक्षेप येथे कोणी घेईल. ते खरेच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे जे वर्णन केले, त्यानंतर गावगाड्याविषयी भ्रम बाळगण्याचे कारण उरत नाही. जेथे माणूसपण नाही आणि भाकरही नाही ते स्थान त्याच रात्री सोडावे, असे वनपत्थसुत्तही म्हणते. आपले वडील-आजोबा बरोबरच निघाले. परंतु आज कल्याण, ठाणे, क्वचित लंडन-अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या शिक्षित पिढीचे राहणे आता चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे ज्याने त्याने तपासावे. माझ्या पाहण्यात असे अनेक प्राध्यापक, अभियंते आहेत की ज्यांना प्रत्ययांची ददात नाही आणि रविवार मोकळा असतो.

सापगावसारख्या गावी विहार आहे, मूर्ती आहे, पौर्णिमेस वंदना होते, चौदा एप्रिलला मिरवणूक निघते. वंदनेचा अर्थ विचारला तर सांगणारा सापडत नाही. तो तरुण जे विचारीत होता त्याचा एक अर्थ असाही होता की थायलंडात राहावयास साहेब जातो, पुण्यास साहेब आला, आमच्याकडे कोण येणार? सहायक गणाचे, आता त्रिरत्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संघाचे, भारतातील बहुतेक काम आज भारतीय धम्मचारी-धम्मचारिणीच पाहतात. अपरान्तात योनक स्थविरांनंतर झाले तेच येथे झाले आहे. तेव्हा पुढचा येणारा परदेशी असण्याची गरज नाही. कच्चायनाचे व्याकरण नको, नित्य वंदनेतील तीसेक गाथा अर्थासह शिकविण्यास एक वर्षावास, म्हणजे बारा-तेरा रविवार, पुरतात. कसाऱ्याकडे जाणारी लोकल आसनगावला थांबते आणि पुढे शहापूरवरून सापगावला जाण्यास वाहन मिळते.